एक डझन अंडी, एक जुडी कोथिंबीर

तांदूळ, डाळ, गूळ, पोहे यांची चिंता आमच्या पिढीला फारशी करावी लागली नाही. हे सगळं टिकतं. महिन्या-दोन महिन्यांनी कुणाची तरी गाडी मँचेस्टरकडे निघाली की चार घरांच्या याद्या तिच्यातून जायच्या आणि पोत्यांनी सामान यायचं. गोडा मसाला, आमसुलं मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत असायची. अडायचं ते ताज्यापाशी. अंडी, दूध, कोथिंबीर, मिरच्या, मासळी पत्र लिहून मागवता येत नाही. त्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी कोट चढवून, बाबागाडी ढकलत घराबाहेर पडावंच लागायचं आणि अनोळखी माणसाशी बोलावंच लागायचं. इंग्लंडात येऊन राहिलेल्या आम्हा मराठी डॉक्टरांच्या बायकांची त्या देशाशी ओळख झाली ती या पिशवीमुळे. कोरडा शिधा आपल्याच माणसांकडून यायचा. ताजं मात्र तिथल्या माणसांच्या हातून घ्यावं लागायचं.

आमच्यातल्या बहुतेकजणी १९६५ ते १९७५ च्या दरम्यान आल्या. नवरे ग्रँट मेडिकलचे, केईएमचे, बी. जे.चे, मिरजेचे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला डॉक्टर कमी पडत होते, पण नावाजलेल्या रुग्णालयांतल्या जागा आमच्या लोकांना सहसा मिळत नसत. त्यामुळे पांगापांग झाली ती लँकेशायर, यॉर्कशायर, वेल्स, डरहॅम अशा गिरण्यांच्या आणि खाणींच्या मुलखात. परकीय चलनाचे नियम इतके कडक, की अनेकजण खिशात ३ पौंड घेऊन उतरले. कनिष्ठ डॉक्टरची नेमणूक सहा महिन्यांची. सहा महिने संपले की रुग्णालय नवं, क्वार्टर्स नवी, गाव नवं. संसार दोन ट्रंकांत मावायचा. पण दूधवाला कधी येतो, भाजी कुणाकडे चांगली, अंडी कुठली घ्यायची, हे ज्ञान ट्रंकेत भरता येत नसे. ते दर खेपेला पहिल्यापासून मिळवायचं.

दूधवाला पहाटे यायचा. विजेवर चालणाऱ्या त्याच्या गाडीचा आवाज कधी आला नाही. काचेच्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या की तो आल्याचं कळायचं. चंदेरी टोपणाचं साधं दूध, सोनेरी टोपणाचं जर्सी गाईचं घट्ट दूध. बाटलीच्या मानेशी साय जमलेली असायची, आणि आपल्याला उठायला उशीर झाला तर टिट नावाचे चिमुकले पक्षी टोपण टोचून ती आधी खाऊन जायचे. रिकामी बाटली धुऊन पायरीवर ठेवायची आणि तिच्या तोंडात चिठ्ठी खोचायची: उद्या एक बाटली जास्त, सहा अंडी. आमच्यातल्या कितीतरी जणींनी परदेशात इंग्रजीत लिहिलेला पहिला मजकूर म्हणजे ही चिठ्ठी. संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या, शाळेत शिकवलेल्या बायका. इंग्रजी वाचायला अडचण नव्हती, पण लँकेशायरचे उच्चार कानाला झेपत नव्हते आणि बोलताना जीभ अडायची. चिठ्ठीला उच्चार लागत नाही. शनिवारी तो पैसे घ्यायला दारात उभा राहायचा तेव्हा मात्र बोलावं लागे, आणि त्या पाच मिनिटांत हवा, पोरं, शेजारच्या आजीचं दुखणं असं सगळं कानावर पडे. कुणी आजारी असेल आणि आदल्या दिवशीची बाटली पायरीवर तशीच दिसली, तर दार ठोठावून चौकशी करणारे दूधवाले आम्ही पाहिले आहेत.

अंडं ही गोष्ट आमच्यातल्या निम्म्या जणींच्या माहेरी उघडपणे येतच नव्हती. आलीच तर परसातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. भाऊ इराण्याकडे ऑम्लेट खाऊन यायचे आणि घरी त्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत. उरलेल्या निम्म्या कोकणातल्या, कोल्हापूर-साताऱ्याकडच्या. त्यांच्या दारात कोंबड्या होत्या, आणि खुडूक कोंबडी कशी बसवायची हे त्यांना पाचव्या वर्षी ठाऊक होतं. देशात या दोघींची गाठ स्वयंपाकघरात पडली नसती. इथं त्या एका जिन्यावर समोरासमोर राहत होत्या. एकीनं दुसरीला शिकवलं: अंडं पाण्यात सोड, तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर आज संपव, तरंगलं तर टाक. आधी वाटीत फोड, थेट कढईत नको. दुसरीनं पहिलीला पुरणाचं गणित सांगितलं.

शिकण्याची गरज फार साधी होती. नवरे वॉर्डात सलग दीड-दीड दिवस असायचे. रात्री अवेळी परतायचे. दुकानं साडेपाचलाच बंद झालेली, आठवड्याच्या मधल्या एका वारी तर दुपारी एकलाच, आणि रविवारी सगळं गाव कुलूपबंद. रविवारी मोठी दुकानं उघडायला कायद्यानं परवानगी मिळाली ती १९९४ मध्ये. तोवर आमची मुलं कॉलेजात गेली होती. अशा वेळी घरात कांदा, हिरवी नाहीतर लाल मिरची आणि अंडी एवढं असलं की दहा मिनिटांत भुर्जी व्हायची. १९७४ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत कोळशाच्या टंचाईमुळे सरकारनं कारखान्यांना आठवड्यातले तीनच दिवस वीज दिली. त्या हिवाळ्यात मेणबत्तीच्या उजेडात गॅसवर केलेली अंड्याची आमटी माझ्या जिभेवर अजून आहे. काहीजणींनी मात्र शेवटपर्यंत अंडं घरात आणलं नाही. त्यांचं तर मला जास्तच कौतुक वाटतं. बिस्किटात डुकराची चरबी आहे का, जेलीत काय घातलंय, हे प्रत्येक दुकानात विचारून विचारून त्यांचं इंग्रजी आमच्याआधी पक्कं झालं.

पैशाचा हिशेब हे वेगळंच प्रकरण. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. त्यात अंड्यांचं गणित मात्र सुरेख बसायचं: डझनाचा भाव जितके शिलिंग, तितके पेन्स एका अंड्याला. चार शिलिंग डझन तर चार पेन्स एक. १५ फेब्रुवारी १९७१ ला दशमान नाणी आली आणि ही सोय गेली. दुकानात म्हाताऱ्या बायका हातात नाणी घेऊन गोंधळून उभ्या राहायच्या. आम्ही गोंधळलो नाही. आमचं बालपण सोळा आण्यांच्या रुपयात गेलं होतं आणि १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा आईला, आजीला बाजारात हिशेब करून देणाऱ्या आम्हीच होतो. आता ओल्डहॅमच्या, बर्नलीच्या दुकानात आम्ही दुसऱ्यांच्या आज्यांना जुने किती आणि नवे किती ते सांगत होतो. परक्या गावात कुणाला तरी आपला उपयोग होतोय, ही जाणीव त्या दिवसांत फार मोलाची होती. हिशेबाची वही प्रत्येक घरात असे. दर महिन्याला सासरी पैसे पाठवायचे, दिराचं शिक्षण, नणंदेचं लग्न. दोन अंडी जास्त घेतली तरी ती वहीत लिहिली जायची.

भाजी घ्यायला बाजाराच्या दिवशी जायचं. लँकेशायरच्या गावांतले बाजार म्हणजे त्या भागाचा जीव. बरी या गावचा बाजार बुधवार, शुक्रवार, शनिवारी भरतो आणि आजही आसपासच्या गावांतून बसगाड्या भरून लोक तिथं येतात. पहिली अडचण हाताची. भेंडीचं टोक मोडून बघायचं, वांगं हातात तोलायचं, मटार सोलून एक दाणा तोंडात टाकायचा, हे आमच्या बोटांत भिनलेलं. तिथं मालाला हात लावायचा नाही. विक्रेता मागच्या ढिगातून देईल ते घ्यायचं. भावाची घासाघीस नाही. मग युक्ती कळली: एकाच माणसाकडे जायचं, दर आठवड्याला, पावसात आणि बर्फातसुद्धा. महिन्याभरात तो आपणहून पुढचा माल काढून द्यायचा, मुळ्याची पानं मोडून टाकायच्या आधी 'तुम्हाला हवीत ना' म्हणून विचारायचा. मुळ्याच्या पाल्याची भाजी कशी करतात हे त्याच्या बायकोला मी सांगितलं होतं. तो खाकी कागदाच्या पिशवीची दोन टोकं धरून गरकन फिरवायचा आणि 'लव्ह' अशी हाक मारून हातात द्यायचा. मुलीला वरून एक सफरचंद.

जे मिळत नव्हतं त्याच्या जागी काय चालेल, याचा शोध घरोघर लागत होता. ब्रॅम्ली नावाचं स्वयंपाकाचं आंबट हिरवं सफरचंद कैरीच्या लोणच्याच्या मसाल्यात मुरतं. जूनमध्ये येणाऱ्या गूसबेरीचा मेथांबा होतो. मॅरो म्हणजे दुधीच्या वळणाची मोठी फळभाजी. हरभऱ्याची डाळ घालून शिजवली तर पाहुण्याला कळत नाही. शुक्रवारी फ्लीटवुड बंदराकडून मासळीची गाडी यायची, तिच्यात पापलेट कधीच नसायचं, पण तिथलं मॅकरेल आपल्या बांगड्याच्या घराण्यातलं. तिरफळं गावाहून आलेली असली की मालवणकडच्या घरांत शुक्रवारी सण व्हायचा. ओला नारळ मिळायचा जत्रेत. लाकडी चेंडूनं नेम धरून नारळ पाडायचा खेळ तिथं असतो, पाडला तर नारळ तुमचा. आमच्या एका डॉक्टरांनी शाळेच्या उन्हाळी जत्रेत दोन पाडले आणि त्या वर्षी नारळी पौर्णिमेला सहा घरांत नारळीभात झाला.

विरजण हा तर आमचा सामायिक ठेवा. तिथल्या दह्यात साखर आणि फळं घातलेली. त्यानं विरजण लागत नसे. जिवंत दही कुठल्या तरी दुकानात एकदा मिळालं की ते घरोघर वाटीनं फिरायचं आणि मग संपू द्यायचं नाही. थंडीत दही लागायचं नाही. त्यावर उपाय सापडला तो घरातल्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाचा, जिथं इंग्रज बायका धुतलेले कपडे उबेला ठेवतात. चादरींच्या घडीशेजारी दह्याचं भांडं आणि इडलीचं पीठ, हे आमच्या सगळ्यांच्या घरातलं दृश्य. बदलीची ऑर्डर आली की जाणारी बाई शेवटच्या दिवशी विरजण शेजारणीकडे ठेवून जायची आणि नव्या गावात पोचल्यावर तिथल्या कुणा वहिनींकडून मागून आणायची.

कोथिंबीर नव्हती. दुकानात तिच्यासारखी दिसणारी पार्सली असायची, चिरल्यावर तो वासच नाही. लंडनमध्ये सायप्रसच्या ग्रीक आणि तुर्की लोकांच्या दुकानांत कोथिंबिरीच्या जुड्या मिळतात ही बातमी आमच्याकडे पत्रानं आली होती. आम्ही धणे चेपून खिडकीतल्या ट्रेमध्ये पेरायचो, मेथी पेरायचो. लँकेशायरहून लंडनला गेलं की रेल्वे युस्टन स्टेशनात थांबते आणि तिथून पाच मिनिटांवर ड्रमंड स्ट्रीट. भारतीय किराणा तिथं आधीपासून होता. केनियाहून आलेल्या पाठक कुटुंबाचं दुकान तिथलंच. १९६५ मध्ये तिथंच अंबालाची मिठाई सुरू झाली. लंडनला काही कामाला गेलेला नवरा परतीच्या गाडीत मांडीवर कोथिंबीर घेऊन बसायचा. बोल्टन, प्रेस्टन, ब्लॅकबर्नमध्ये गिरणीत कामाला आलेल्या भरूच-सुरतेकडच्या लोकांनी छोटी दुकानं काढली होती, तिथं कधीमधी केनियाहून विमानानं आलेली भेंडी मिळायची.

मग १९७२ साल आलं. ऑगस्टमध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं आणि सुमारे २८,००० माणसं ब्रिटनमध्ये आली. लेस्टरच्या नगरपालिकेनं तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका. तरी त्यांतली बरीच लेस्टरलाच आली. सगळं गमावून आलेल्या त्या कुटुंबांनी पाच-सहा वर्षांत बेलग्रेव्ह रोडचं रूप पालटलं. गावोगावची कोपऱ्यावरची बंद पडत आलेली दुकानं त्यांनी घेतली, रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवली. गवार, तोंडली, कारली, ओली तूर, वालपापडी. पूर्व आफ्रिकेत हे सगळं त्यांच्या रोजच्या ताटात होतं आणि ते मागवायचं कुठून, हेही त्यांना माहीत होतं. लेस्टरच्या पहिल्या फेरीत आमच्यातल्या एकीनं गवारीची शेंग हातात घेतली आणि ती तिथंच रडायला लागली. दुकानदारीण गल्ल्यावरून उठून आली. 'बेन, बधुं मळशे हवे,' म्हणाली. ताई, आता सगळं मिळेल. ती स्वतः कंपालातलं भरलेलं घर सोडून आली होती. त्या पिढीच्या गुजराती दुकानदारांचे आमच्यावर जे उपकार आहेत ते आम्ही कधी नीट बोलून दाखवले नाहीत, म्हणून इथं लिहून ठेवते.

अंड्यांकडे परत येते, कारण एक गोष्ट सांगायची आहे. माझी एक मैत्रीण डरहॅमकडच्या खाणकामगारांच्या गावात राहायची. नवरा गावचा डॉक्टर. त्या गावांत बहुतेक खाणकामगारांचा मळ्याचा एक तुकडा असायचा. तिथं ते कबुतरं, कोंबड्या पाळायचे आणि लीक म्हणजे कांद्याच्या जातीची जाडजूड पात वाढवायचे. लीकच्या स्पर्धा लागायच्या. ती पात घालून झुणका फार छान होतो. तिच्या पहिल्या बाळंतपणाला वाईहून सासूबाई आल्या होत्या. सोवळंओवळं पाळणाऱ्या. घरात अंडं येत नव्हतं. बाळाला घेऊन मैत्रीण पहिल्यांदा शेजारी गेली. शेजारीण खाणकामगाराची बायको. तिनं बाळाच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवलं आणि दुपट्ट्यात एक अंडं, चिमूटभर मीठ आणि पावाचा तुकडा ठेवला. उत्तर इंग्लंडातली ही जुनी रीत. बाळ पहिल्यांदा घरी आलं की रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. मैत्रिणीच्या पोटात गोळा आला. सासूबाई शेजारीच उभ्या. त्यांनी नाणं पाहिलं, मीठ पाहिलं, अंडं पाहिलं आणि पदर पुढे धरून म्हणाल्या, 'अगं, ओटी भरतेय ती. घे, नाही म्हणू नये.' घरी आल्यावर त्यांनी ते अंडं देवघराशेजारच्या कोनाड्यात वाटीत ठेवलं. खाल्लं कुणीच नाही. पण त्या दिवसानंतर सासूबाई असेपर्यंत शेजारीण तिच्या मळ्यातली अंडी मागच्या दारानं द्यायची आणि सासूबाई तिला चकल्या द्यायच्या. १९८४ च्या मार्चपासून वर्षभर खाणकामगारांचा संप चालला तेव्हा गावच्या सामुदायिक स्वयंपाकघरात माझी मैत्रीण दर आठवड्याला तीस-तीस अंड्यांचे ट्रे पोचवत होती. कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या गावाबाहेर एका शेताच्या फाटकाशी अंडी विकायला ठेवलेली असत. पाटी, अंड्यांचे खोके आणि पैसे टाकायला पत्र्याचा डबा. कुणी लक्ष ठेवायला नाही. युरोपच्या नियमानं दुकानातल्या अंड्यांवर १ ते ७ असे आकाराचे आकडे आले, पांढरी अंडी जाऊन सगळीकडे तपकिरी आली. त्या फाटकाशी मात्र लहान-मोठी, ठिपक्यांची, कधी दोन बलकांची, असतील तशी. ३ डिसेंबर १९८८ ला आरोग्य खात्याच्या उपमंत्री एडविना करी दूरचित्रवाणीवर म्हणाल्या, की देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनाला साल्मोनेलाची बाधा झाली आहे. अंड्यांचा खप कोसळला, दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला, आणि पुढच्या काळात लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. रोग खरा होता. आमच्या नवऱ्यांनी वॉर्डात रोगी पाहिले होते. पण सगळ्यांना एका ओळीत दोषी ठरवल्यानं फाटकापाशी खोके मांडणाऱ्या बाईचं काय होणार, हा विचार कुणी केला नव्हता. आम्ही अंडी पूर्ण उकडून खात राहिलो आणि तिच्याकडूनच घेत राहिलो. तरी एका वसंतात पाटी दिसली नाही. पुढे कोंबड्यांना लस टोचू लागले, १९९८ पासून सिंहाचा तांबडा शिक्का अंड्यावर आला, आणि २०१७ मध्ये अन्न खात्यानं असं अंडं गरोदर बायकांनी अर्धं कच्चं खाल्लं तरी चालेल असं सांगितलं.

आता कोथिंबीर कुंडीसकट सुपरमार्केटात मिळते. हापूसवर युरोपनं २०१४ च्या मे महिन्यात बंदी घातली तेव्हा आमच्या नातवंडांना ती मोठी अडचण वाटली. आमच्या लहानपणच्या हापूसनंतर कितीतरी वर्षं आम्ही तो पाहिलाही नव्हता. सामान गाडीनं दाराशी येतं, अंडी न फुटता येतात, आणि गुडघे दुखणाऱ्या आम्हाला त्याचा आधारच आहे. तरीही ज्यांना चालता येतं त्या बाजाराच्या दिवशी बस पकडून जातात.

आमच्यातल्या बऱ्याचजणी आता राहिल्या नाहीत. मुलं लंडनहून, टोरांटोहून येतात, आठवड्याभरात घर रिकामं करतात. साड्या वाटल्या जातात, फोटो जपले जातात, आणि हिशेबाच्या वह्या रद्दीत जातात. त्या टाकू नका. दूधवाल्याचं देणं, ब्रॅम्लीचं लोणचं, गावात भेंडी पहिल्यांदा कधी आली, संपाच्या वर्षी कुणाला किती अंडी दिली, हे फक्त त्यांतच लिहिलेलं आहे. प्रेस्टनला लँकेशायरचं अभिलेखागार आहे, डरहॅमलाही आहे. घरगुती कागदपत्रं तिथं ठेवून घेतात. वही मराठीत आहे म्हणून संकोच करू नका. पहिल्या पानावर बाईचं नाव, गाव आणि साल स्वच्छ अक्षरात घाला आणि नेऊन द्या.